कीपचा चौदावा अर्थ

सकाळी साडेदहाच्या सुमारास ऑफिसात मुलीचा फोन आला. कसे आहात, वेळेवर जेवता का, यातलं काहीएक न विचारता ती म्हणाली, "बाबा, कीपचा चौदावा अर्थ वाचला." मी हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला तो नेमका प्रुफांवर. आमच्या इंग्रजी-मराठी कोशाचा खंड मीच तिला पाठवला होता, पंधरा दिवसांपूर्वी, खाकी कागदात बांधून, वर ‘सवडीने चाळ’ असं लिहून. बापाने आयुष्यभर खपून केलेला कोश मुलीच्या कपाटात असावा एवढीच त्यात अपेक्षा होती. ती तो वाचेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरला कोशाशी काय करायचंय? "सगळा वाचलास?" मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच गोड लागला, म्हणजे खोटा लागला. "कीप वाचला. तुमचा शब्द म्हणून. सहा पानं आहेत. चौदाव्या अर्थाखालचं वाक्य ऐकलेलं आहे की बनवलेलं, तेवढं सांगा." मी म्हटलं, कुठलं वाक्य? ती म्हणाली, "झोपेचं सोंग घेऊ नका बाबा. मी चारला येते. मला ते कार्ड बघायचंय." आणि फोन ठेवला. प्रुफांवर चहाचं वर्तुळ उमटलं होतं. ते मी रुमालाने पुसत बसलो, पुसून झाल्यावरही पुसत बसलो.

वाक्य कुठलं ते मला माहीत होतं. न बघता सांगता आलं असतं. ‘पोरीपासून लपवून ठेवू नका; तिला कळू द्या, मग तिचं ती ठरवेल.’

आमच्या कोशाची एक रीत आहे, आणि ती संपादकांनी पस्तीस वर्षांपूर्वी, मी इथे चिकटलो त्याच दिवशी, मला बजावून सांगितली होती. इंग्रजी शब्दाचे अर्थ पाडणं सोपं, ते म्हणाले, तिकडचे लोक पाडून ठेवतातच. पण त्या अर्थाखाली आपल्या भाषेतलं जे वाक्य द्यायचं, ते कुणीतरी खरोखर बोललेलं हवं. टेबलाशी बसून बनवलेलं वाक्य म्हणजे मेणाचं फळ, दिसतं छान, दात लावून बघा. म्हणून आम्ही सगळे खिशात कोरी कार्डं घेऊन हिंडतो. रांगेत, दुकानात, जिन्यावर, दवाखान्यात कान टवकारून उभे राहतो. वाक्य सापडलं की कार्डावर उतरवायचं, वर अर्थाचा आकडा, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख आणि कुठे ऐकलं ते. शब्द बदलायचा नाही, सुधारायचा नाही, बोलणाऱ्याची चूकसुद्धा तशीच ठेवायची. ऑफिसात आम्हाला आमच्या नावांनी कुणी हाक मारत नाही. जो तो आपापल्या शब्दाच्या नावाने ओळखला जातो. मी कीपवाले. बारा वर्षं एका शब्दाशी संसार केल्यावर ते नाव चिकटणारच. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग घड्याळात बघतो.

कीपचे मी एकतीस अर्थ काढले. ठेवणं, राखणं, पाळणं, जपणं, टिकणं, पोसणं, अडवून ठेवणं, ताटकळत ठेवणं, करतच राहणं. शब्द एवढासा, एका घासाचा, पण हात घालावा तिथे निघतो. आपल्याकडे कोंबडी पाळतात आणि शब्दही पाळतात, पण दूध टिकतं आणि जागा राखतात. त्यांच्याकडे या सगळ्याला हा एकच गडी. शिवाय मी काही चार माणसांत मिसळणारा नव्हे. लोकांच्या बोलण्यात उभं राहिलं की मला घाम फुटतो. मग वाक्यं आणायची कुठून? घरून. घरी बायको होती, आणि बायको बोलायची. भांडी घासताना बोलायची, खिडकी पुसताना बोलायची, मी ऐकतोय की नाही याची पर्वा न करता बोलायची. ‘हे दूध संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही.’ ‘मांजर पाळायचं तर आधी उंदरांना विचारा.’ ‘पाच मिनिटांत येतो म्हणालात, तुमचा शब्द पाळायला तुम्हाला तास लागतो.’ मी खिशातून कार्ड काढलं की ती म्हणायची, आता काय सांडलं माझ्या तोंडातून? पण तिला ते आवडायचं असं मला वाटतं. एकदा तर मुद्दाम तेच वाक्य दोन वेळा म्हणाली, माझं लक्ष नव्हतं म्हणून. संपादक माझी कार्डं चाळताना म्हणायचे, कीपवाले, तुमची वाक्यं जिवंत असतात हो. मी मान खाली घालून हसायचो. ती दुसऱ्याची आहेत हे दोघांनाही ठाऊक होतं.

मुलगी वाक्यावरून आईला ओळखणार हे मला छापायच्या आधी कळायला हवं होतं. ‘तिचं ती ठरवेल’ हे त्या घरातलं सर्वांत जुनं वाक्य. मुलगी चार वर्षांची असताना स्वेटर घालायचा की नाही यावर मी आरडाओरडा करायचो तेव्हा हिचं आपलं शांतपणे, थंडी तिला वाजणार आहे, तिचं ती ठरवेल. शाळा कुठली, केस कापायचे का, माणसांची डॉक्टर व्हायचं सोडून गुरांची का, सगळ्याला तेच. मी चिडायचो. मुलगी आईच्या मागे उभी राहून मला जीभ दाखवायची.

नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरने एका दुपारी आम्हाला दोन तास ताटकळत ठेवलं आणि दोन मिनिटांत बायकोच्या दुखण्याचा निकाल सांगितला. (ते वाक्यही कीपमध्ये आहे, अर्थ अकरावा, तिचंच.) तेव्हा मुलगी लांब होती, वसतिगृहात, शेवटच्या वर्षाची परीक्षा दीड महिन्यावर. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. दर सोमवारी ती इथे ऑफिसात फोन करायची आणि आठवड्याला एक पत्र घरी टाकायची. मी तिला फोनवर सांगायचो, सगळं ठीक आहे. दर सोमवारी सांगायचो. मनात ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि तिचा आवाज कानावर पडला की तोंडातून निघायचं, सगळं ठीक आहे, तू अभ्यास कर. का, ते मला नीट सांगता येत नाही. परीक्षेचं कारण खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. तिला सांगितलं असतं तर ते झालं असतं. सांगितलं नाही तोवर ते फक्त आम्हा दोघांच्या खोलीत होतं, आणि खोलीचं दार लावता येत होतं. मी भित्रा माणूस आहे. शब्दांच्या मागे दडून बसायला मिळतं म्हणून तर हे काम धरलं.

परीक्षा संपल्यावर मी तिला बोलावलं. ती बॅग घेऊन दारात उभी राहिली, प्रवासाने केस विस्कटलेले, आणि पहिलं वाक्य बोलली, "मला आधी का नाही कळवलंत?" आणि मी म्हणालो, "तुझ्या आईनेच नको म्हटलं. परीक्षा होईपर्यंत पोरीला कळवू नका म्हणाली, शपथ घातली." विचार केला नव्हता, ठरवलं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या त्या चेहऱ्यासमोर काहीतरी धरायला हवं होतं, हाताला ते लागलं. ती आत गेली. आईची वाचा आदल्या दिवशीच गेली होती. आईने तिच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे केलं. औषधांमुळे होतं तसं, मी म्हणालो. दोन दिवसांनी सगळं आटोपलं.

त्यानंतर मुलीने आईचा विषय काढला तो नऊ वर्षांत एकदाच. म्हणाली, "आईनं मला पाहुणी केलं, बाबा. शेवटी-शेवटी तोंड दाखवायला बोलावतात तसली पाहुणी." मी तेव्हा चमच्याने साखर ढवळत होतो, ढवळतच राहिलो. तिच्या घरी हॉलमध्ये भिंतभर फोटो आहेत, तिने वाचवलेल्या गाईंचे, कुत्र्यांचे, एका म्हाताऱ्या घोड्याचाही. आईचा नाही. मी दर खेपेला त्या भिंतीसमोर बसतो आणि घोड्याकडे बघतो. घोडा माझ्याकडे बघतो. मी बोललेल्या एका वाक्याची ती भिंत आहे हे मला कळतं, आणि मी चहा पिऊन, तिच्या डोक्यावरून हात फिरवून परत येतो. तिच्या मनात आई अशी मरून पडली, आणि बाप मात्र प्रेमळ, भोळा, शपथेत अडकलेला बिचारा. दर रविवारी फोन करते. हिवाळ्यात मोजे पाठवते. मला आता दुसरं कुणी नाही. हे सगळं चार वाजता पणाला लागणार होतं आणि घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

मी उठून कपाटाशी गेलो. कीपचे तीन खण आहेत. खण ओढला की जुन्या कागदाचा आणि डिंकाचा वास येतो, तो मला माझ्या घराच्या वासाहून जवळचा आहे. कार्डं अर्थांच्या क्रमाने लावलेली असतात, तारखांच्या नाही. त्यामुळे तिचं आजारपण सगळ्या खणांत विखुरलेलं. अर्थ सहावा, ‘माझी जागा राखून ठेवा, मी आले तपासून.’ अर्थ एकोणिसावा, ‘पाणीसुद्धा पोटात ठरत नाही.’ अर्थ नववा, ‘तुम्ही लिहीत राहा, मी पडते जरा.’ अर्थ सत्ताविसावा, ‘जरा सोबतीला बसा ना.’ या कार्डाच्या कोपऱ्यात माझ्याच हाताने तारीख घातली आहे, म्हणजे त्या दिवशी मी कार्ड लिहिलं. सोबतीला बसलो की नाही ते कार्डावर नाही. हीच कार्डं तारखांप्रमाणे लावली तर एक बाई आजारी पडून मरते, आणि अर्थांप्रमाणे लावली तर कीप होतो. मी पस्तीस वर्षं दुसऱ्या पद्धतीने लावत आलो. चौदाव्या अर्थाला, म्हणजे लपवून ठेवण्याला, दोन कार्डं होती. एक किराणा दुकानातलं, ‘भाव काही लपवून ठेवलेला नाही साहेब’, वाळकं, पण चालण्यासारखं. दुसरं तिचं. छापायला द्यायच्या दिवशी दोन्ही टेबलावर मांडून मी तासभर बसलो होतो आणि तिचं दिलं. चांगलं वाक्य होतं म्हणून दिलं, असं मी स्वतःला सांगितलं. त्याहून दुसरं काही कारण असेल तर ते मला माहीत नाही. किंवा असेल माहीत. चोरालाही कधीकधी कुणीतरी हाक मारावी असं वाटत असेल.

तेवढ्यात मागून पूर्णविराम आला. हा आमचा मुद्रितशोधक. पूर्णविराम सुटला तर जेवण न जाणारा माणूस, म्हणून ते नाव. माझ्या हातातलं कार्ड बघून त्याचे डोळे चमकले. "हे वाक्य! इथला अर्धविराम माझा आहे बरं का. तुम्ही स्वल्पविराम दिला होता. मी म्हटलं, नाही, बाई इथे थांबली असणार. ‘लपवून ठेवू नका’, मग थांबली, मग पुढचं. थांबली होती का हो?" मी म्हटलं, हो, थांबली होती. "बघा! कानच तसा आहे आपला. कोण होती?" होती एक, मी म्हणालो. तो आनंदाने हात चोळत आपल्या जागेकडे गेला, आणि जाताजाता, काही मनात नसताना, पुढे म्हणाला, "पहिल्या खंडाची अर्धी कार्डं आता सापडत नाहीत. एकदा छापलं की कोण विचारतंय कार्डाला."

मी जागेवर येऊन बसलो. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची पाठ दिसते, नळाचे पाइप, एक गॅलरी, तिच्यात उलटी घातलेली बादली. रोज तेच दिसतं. कार्ड नसलं तर ती काय करेल? हरवलं म्हणावं. पण ती माझी मुलगी आहे. हरवलं म्हटलं की तिला कळेल. नसण्यापेक्षा दुसरं असणं बरं. ही युक्ती मला इतक्या सहज सुचली की मी घाबरलो. मी खणातून जुनं कोरं कार्ड काढलं, कडा पिवळ्या पडलेलं. जुन्या दौतीतली शाई घेतली. वर चौदा आकडा, खाली वाक्य, जसंच्या तसं. आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘बसथांबा’, आणि तिच्या आईच्या मरणानंतर दोन वर्षांची एक तारीख. पस्तीस वर्षांत माझ्या हातून झालेलं पहिलं बनावट कार्ड. अक्षर छान आलं होतं. टिपकागदाने टिपताना मला उगीच वाटलं की संपादक मागे उभे आहेत, पण ते जेवायला गेले होते. खरं कार्ड मी सदऱ्याच्या खिशात घातलं आणि खोटं खणात, त्याच्या जागी. मग डबा उघडला. भाताची दोन शितं खाल्ली, पुढे जाईना. झाकण लावून टाकलं.

दुपार जाता जात नव्हती. मला वाटलं होतं की मी त्या दुसऱ्या दुपारचा विचार करणार नाही. आजवर मी तिथे फक्त वाक्यापर्यंत जातो. ती उशांना टेकून बसलेली, मी खुर्चीत, बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं त्याचे धपाधप आवाज. ती म्हणते, अहो, पोरीपासून लपवून ठेवू नका. तिथेच मी मागे फिरतो. नऊ वर्षं मागे फिरतोय. एखाद्या गल्लीत कुत्रं असतं हे माहीत असलं की माणूस लांबच्या रस्त्याने जातो, त्यात आपण काही विशेष करतोय असंही मग त्याला वाटत नाही.

चारला पाच मिनिटं असताना ती आली. पायांत कामावरचे जाड बूट, अंगाला औषधाचा आणि गवताचा वास, बाही कोपरापर्यंत वर केलेली. थेट गोठ्यातून आलेली असणार. वाकून नमस्कार वगैरे ती करत नाही, तशी आमच्यात पद्धतही नाही, पण एरवी आल्याआल्या माझी कॉलर नीट करते. आज केली नाही. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. "दाखवा," ती म्हणाली. मी खणाशी गेलो, चौदाव्या अर्थाचं कार्ड काढलं, आणि तिच्या हातात दिलं. तिने ते उजेडाकडे धरलं. जनावराच्या डोळ्यात बघतात तसं निरखून बघितलं. "बसथांबा," ती वाचत म्हणाली. मग तारीख वाचली, मनात हिशेब केला. मला वाटलं होतं ती सुटकेचा श्वास टाकेल. ती खुर्चीवर बसली, बसली म्हणजे खालीच गेली. "कुठली तरी बसथांब्यावरची बाई," ती म्हणाली.

"हो. असंच काहीसं बोलत होती तिच्या नवऱ्याशी."

"मी वेडी आहे बाबा." ती हसायचा प्रयत्न करत होती. "आठ दिवसांपूर्वी वाचलं. तेव्हापासून झोप नाही. मला वाटलं, आई असं म्हणाली असेल. एकदा तरी म्हणाली असेल. काल तिचा एक फोटो शोधून काढला ट्रंकेतून, मोठा करायला द्यावा म्हणून. जाऊ दे. ती तसं कशाला म्हणेल? तिला मी नकोच होते तिथे." आणि तिने कार्ड टेबलावर ठेवून माझ्या दिशेने सरकवलं. बोटाने, हळूच, बिल सरकवतात तसं. तिच्या चेहऱ्यावर ते जुनं दगडी शांतपण परत येताना मी डोळ्यांनी बघितलं, ओठांच्या कोपऱ्यांपासून सुरू होऊन वर चढताना. मी वाचलो होतो. रविवारचे फोन, मोजे, सगळं शाबूत होतं. आणि मला ते सहन होईना. असं कधी झालं नव्हतं, आपण वाचलो याचीच शिसारी यावी असं.

मी खिशातून दुसरं कार्ड काढलं आणि पहिल्याच्या शेजारी ठेवलं. तिने दोन्ही बघितली. वाक्य एकच, अक्षर एकच. या कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘घरी’, आणि खाली तारीख. ती बराच वेळ त्या तारखेवर थांबली. पूर्णविराम पलीकडे पेन्सिलीला टोक करत होता, तो आवाज खोलीभर पसरला होता.

"हे खरं," ती म्हणाली.

"हो."

"आणि ते आज केलंत."

"हो."

"परीक्षा सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "म्हणजे परीक्षेचे वीस दिवस धरून मला एक्केचाळीस दिवस होते. ती बोलत होती तेव्हा. बसत होती. आणि शपथ?"

"शपथ नव्हती. मी तुला दारात तसं म्हणालो. मीच सांगितलं नाही. मला सांगवेना."

तिने मान हलवली, जणू एखाद्या शेतकऱ्याने आजार उशिरा दाखवला आहे आणि आता रागावून उपयोग नाही. मला वाटलं एवढ्यावर संपेल. मला वाटलं हेच माझं पाप आणि ते एकदाचं बाहेर पडलं. पण तिचं बोट अजून कार्डावर होतं. "यात तिचं बोलणं आहे," ती म्हणाली. "ती असं म्हणाली, मग तुम्ही काय म्हणालात?"

त्या गल्लीत मी कधी शिरलो नव्हतो. आता तीच हात धरून नेत होती. "मी..." मी म्हणालो. "मी तिला म्हटलं, परत एकदा म्हण."

"का?"

"मला चौदाव्या अर्थाला चांगलं वाक्य मिळत नव्हतं. तीन वर्षं मिळत नव्हतं. ती बोलली आणि मला... मला आनंद झाला. मी खिशातून कार्ड काढलं आणि म्हटलं, परत एकदा सांग, हळू सांग, शब्द चुकायला नको." आता मला थांबता येईना. "तिने सांगितलं. एकेक शब्द थांबत सांगितला. मी लिहिलं. लिहून झाल्यावर तिने डोळे मिटले आणि म्हणाली, बरं झालं, लिहिलंत एकदाचं, आता आजच टाका. तिला वाटलं मी तुला पत्र लिहितोय."

पेन्सिलीचा आवाज थांबला होता. की मला ऐकू येत नव्हता.

"तुम्ही सांगितलं नाहीत? की हे पत्र नाही?"

"ती इतकी शांत झोपली. मला वाटलं संध्याकाळी खरंच लिहीन तुला. मग वाटलं सोमवारी फोनवर सांगेन."

मुलगी माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. तिचे डोळे कुठेतरी मागे जाऊन काहीतरी जुळवत होते, आणि काय जुळतंय ते मला तिच्याआधी दिसलं. "माझी पत्रं यायची," ती सावकाश म्हणाली. "दर आठवड्याला. तुम्ही तिला वाचून दाखवायचात."

"हो."

"त्यात मी काय लिहायचे? आडवं आलेलं वासरू कसं काढलं. मेसमधल्या बाईची सर्दी. मैत्रिणीच्या सायकलची चेन." तिचा आवाज बारीक होत गेला. "पाच-सहा पत्रं असतील. आणि ती ऐकायची. मला सगळं माहीत आहे असं धरून."

मी हो म्हणालो की नुसती मान हलवली ते आठवत नाही. पहिलं पत्र आलं तेव्हा तिची आई उशीवरून उठून बसली होती, तिने स्वतः पाकीट फोडून माझ्या हातात दिलं होतं. मी वासराचं वाचलं. ती पुढचं वाचा म्हणाली. मी म्हटलं, संपलं. दुसऱ्या पत्राला ती उठून बसली नाही. नंतरच्या पत्रांना नुसतं म्हणायची, ठेवा तिकडे. आणि एकदा, कुणालाच उद्देशून नाही असं, ‘तिचं ती ठरवेल’, आणि हसली. ते मी कार्डावर लिहिलं नाही. हे सगळं मी मुलीला सांगितलं. काही उरू दिलं नाही. सांगताना मला तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी समोरच्या गॅलरीतल्या उलट्या बादलीकडे बघून सांगितलं. शेवटी तोंड भिंतीकडे का केलं ते सांगायची गरज उरली नव्हती, तरी तेही सांगितलं. औषधांमुळे नव्हतं, म्हणालो.

मग तिने ‘घरी’ लिहिलेलं कार्ड उचललं आणि पुन्हा वाचलं. ओठ हलत होते. जिथे छापताना अर्धविराम पडला होता, तिथे ती थांबली. वाचून झाल्यावर तिने ते रुमालात गुंडाळून वरच्या खिशात घातलं, खिशाचं बटण लावलं. मी अडवलं नाही. ती उठली. खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली, लहानपणी आईने लावलेली सवय. दाराशी गेल्यावर ती वळली, आणि मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, शिवी देईल, रडेल, काहीही.

"जाते," ती म्हणाली.

आमच्या घरातून बाहेर पडताना आजवर कुणी ‘जाते’ म्हटलेलं नाही. ‘येते’ म्हणतात, दुकानात जातानासुद्धा. तिच्या आईने तो शब्द ऐकला असता तर जिन्यापर्यंत धावत जाऊन तिला परत बोलावलं असतं आणि ‘येते’ म्हणायला लावल्याशिवाय सोडलं नसतं. जाड बुटांचा आवाज एकेक पायरी उतरत खाली गेला. मी बोलावलं नाही.